नवे घर, जुना पत्ता

घर बदलल्यावर पत्ता एका जागी बदलून भागत नाही. आधार, मतदारयादी, बँक, वाहन, गॅस, रेशन, विमा, पासपोर्ट, मुलांची शाळा अशा प्रत्येक ठिकाणी त्याची वेगळी नोंद असते. प्रत्येक नोंदीचा नियम वेगळा, अर्ज वेगळा आणि चालणारा पुरावाही वेगळा. एका ठिकाणी केलेला बदल दुसरीकडे आपोआप पोहोचत नाही. विरार, बदलापूर अशा लोकलच्या लांबच्या स्थानकांभोवती वाढलेल्या शहरांत अर्ज भरून देणारी केंद्रे गल्लोगल्ली आहेत. चाळीतून फ्लॅटमध्ये, भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात, गावाकडून मुलाकडे आलेली माणसे प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन तिथे येतात. या कामात वर्षे घालवलेल्या माणसाला लवकरच कळते, की अर्ज भरणे सोपे असते. अडते ते पुराव्यापाशी.

ज्याने घर विकत घेतले, त्याच्याकडे इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) असतो, घरपट्टीची पावती असते, पुढेमागे वीजबिल नावावर होते. तरी त्यातही खोच आहे. जुना फ्लॅट घेणारे बरेच जण मूळ मालकाच्या नावाचे वीजबिल वर्षानुवर्षे तसेच भरत राहतात. बिल भरले जाते, वीज चालू राहते, म्हणून नाव बदलण्याची निकड कुणाला वाटत नाही. मग बँकेत पुरावा द्यायची वेळ येते आणि हातातले बिल परक्या माणसाचे निघते. घराचा ताबा घेतल्यावर पहिल्या महिन्यातच वीजबिल आणि घरपट्टी नावावर करून घेतली, तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

भाडेकरूच्या नावावर मात्र काहीच नसते. वीजबिल मालकाचे, घरपट्टी मालकाची, सोसायटीची पावती मालकाची. त्याच्या हाती एकच कागद येऊ शकतो, तो म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचा करार, आणि तोही बहुतेक वेळा स्टॅम्पपेपरवर टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून दिलेला असतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात फार घट्ट आहे आणि ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा. मुदत किती आहे याला महत्त्व नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

एका इमारतीच्या वॉचमनच्या बाबतीत या कागदाची किंमत कळली. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांवर त्याच्या मुलीचे नाव सोडतीत लागले होते. या प्रवेशात घर शाळेपासून किती लांब आहे हे पाहतात, म्हणून पत्त्याचा पुरावा काटेकोर तपासला जातो आणि भाडेकरूला नोंदणीकृत करारच द्यावा लागतो. त्याच्याकडे नोटरीचा करार होता. पडताळणीत तो चालला नाही आणि जागा गेली. पुढच्या वर्षी अर्ज सुरू होण्याआधी केंद्र चालवणाऱ्याने घरमालकालाच बोलावून घेतले. मालकाची भीती नेहमीचीच होती: ‘याच्या नावावर पुरावा झाला, आधारवर माझ्या खोलीचा पत्ता आला, की हा खोली सोडायचा नाही.’ त्याला कलम ५५ वाचून दाखवले. लायसन्सच्या करारातून घराचा ताबा कायमचा मिळत नाही हे सांगितले. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे, तेही दाखवले. खर्चाचा हिशेब मांडला: मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. मालक तयार झाला. ठसे घ्यायचे यंत्र घेऊन एजंट घरी आला आणि करार ऑनलाइन नोंदवला गेला. तेव्हापासून त्या केंद्रात भाडेकरू आला, की आधी घरमालकाचा फोन नंबर मागायची पद्धत पडली. भाडेकरूचे निम्मे प्रश्न मालकाच्या मनातल्या भीतीपाशी अडलेले असतात, आणि ती भीती कुणीतरी शांतपणे बोलल्यावर बहुतेक वेळा जाते.

पुरावा हातात आल्यावर प्रश्न उरतो तो पत्ता लिहायचा कसा. एकाच फ्लॅटचे चार पत्ते असू शकतात. बिल्डरच्या करारनाम्यात ‘टाइप डी, बिल्डिंग नं. ४, सर्व्हे नं. अमुक, मौजे तमुक’ असते. पुढे सोसायटी नोंदवली जाते आणि तिला एखाद्या देवाचे नाव मिळते. घरपट्टीच्या पावतीवर मालमत्ता क्रमांक आणि जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातला घर क्रमांक असतो. वीजबिलावर ‘अमक्या शाळेमागे’ एवढेच. आधारच्या अर्जात घर क्रमांक, इमारत, रस्ता, खूण, परिसर, गाव किंवा शहर, टपाल कार्यालय, जिल्हा, पिन असे वेगवेगळे रकाने असतात, आणि प्रत्येकाच्या मनात त्या रकान्यांचा वेगळा अर्थ असतो. नवरा ‘बी विंग, ३०४’ लिहितो, बायको ‘३०४, बी’, आणि मुलाच्या शाळेत ‘बी-३०४’ गेलेले असते. पोस्टमनला हे तिन्ही कळतात, पण कागद तपासणाऱ्याला ते जुळत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून एका कोऱ्या कागदावर पत्ता मराठीत आणि इंग्रजीत लिहावा, स्पेलिंगसकट ठरवावा आणि सगळीकडे अक्षरशः तोच द्यावा. त्यात विंग आणि मजला असावा आणि पिनकोड शेजाऱ्याला न विचारता टपाल कार्यालयातून पक्का केलेला असावा. नव्या वसाहतींत रस्त्याच्या एका बाजूला एक पिन आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, असे पुष्कळदा असते.

पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी केली ती संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढायला सहा आकडे पुरले. आता टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी संकेत दिला आहे. त्याने जागा अचूक सापडेल. मात्र त्या जागी सध्या कोण राहते, हे ज्याचे त्यालाच कळवत राहावे लागणार.

कागदांचा क्रम महत्त्वाचा आहे. करार किंवा इंडेक्स टू आधी, मग आधार, मग बाकीचे. आधारवरचा पत्ता बदलला की बँक, पॅन, वाहन चालवण्याचा परवाना यांचे काम बरेचसे घरबसल्या होते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, पत्त्याला अशी मर्यादा नाही. पण ऑनलाइन बदलासाठी ओटीपी लागतो आणि तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. इथेच गाडी अडते. नंबर कधीचा बंद पडलेला असतो, किंवा दहा वर्षांपूर्वी आधार नोंदणीच्या कॅम्पमध्ये शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो. बरीच वर्षे अशा वेळी आधार केंद्रात जाऊन ठसे देण्यावाचून उपाय नव्हता. घर बदलायचे ठरले, की सामान बांधण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कोणता नंबर जोडला आहे, तो चालू आहे का, एवढे पाहून ठेवले तर पुढचे पुष्कळ हेलपाटे टळतात.

घरातल्या बायकांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न वेगळाच. करार नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतो आणि त्यांच्या नावाचा एकही कागद नसतो. जानेवारी २०२३ मध्ये आधारने कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय केली, तेव्हा या लोकांचा मोठा अडसर दूर झाला. नात्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, पासपोर्ट यांपैकी काही जोडायचे; तेही नसेल तर कुटुंबप्रमुखाचे ठरावीक नमुन्यातले स्वयंघोषणापत्र चालते. अर्ज गेल्यावर कुटुंबप्रमुखाने तीस दिवसांत संमती द्यायची असते. ती मुदत चुकली की अर्ज बंद होतो, हे अर्ज करतानाच सांगावे लागते, कारण संदेश ज्याच्या फोनवर येतो तो माणूस कामात असतो आणि फोनवर आलेला कसला तरी मेसेज म्हणून सोडून देतो. नवविवाहितेच्या अर्जात नाव आणि पत्ता दोन्ही एकदम बदलण्याचा आग्रह सासरचे धरतात. पत्ता लगेच बदलावा. नाव बदलायचे की नाही, बदलायचे तर पदवी, पॅन, पासपोर्ट या सगळ्यांवर एकसारखे कसे येईल, याचा निर्णय त्या मुलीने सवडीने घ्यावा. नावाच्या दोन संधींपैकी एक घाईत खर्च करू नये. हे मत अनेक घरांत आवडत नाही, तरी ते सांगितलेच पाहिजे.

सातारा जिल्ह्यातून मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींनी अर्जावर अंगठा द्यायचे नाकारले होते. मुलगा घाई करत होता. त्या एवढेच म्हणाल्या, ‘पत्ता बदलला म्हंजे गावातलं नाव गेलं का?’ त्यांना शेताची काळजी होती. सातबाऱ्यावरचे नाव आधारवरच्या पत्त्याने जात नाही, हे त्यांना दोनतीनदा, सावकाश सांगावे लागले. तरीही त्यांचे जिल्हा बँकेतले खाते, विकास सोसायटीचे कर्ज, टपालातली ठेव सगळे गावात होते, आणि टपाल घ्यायला दीर तिथे होता. अशा माणसाचा पत्ता लगेच बदलण्याची गरज नसते. त्यांचा पत्ता तसाच ठेवला. केंद्राच्या दृष्टीने तो एक अर्ज कमी झाला, पण काम बरोबर झाले.

दर अकरा महिन्यांनी घर बदलणाऱ्यालाही हेच लागू आहे. आधारवर नवा पत्ता आला, की काही महिन्यांतच करार संपतो. बँकेसाठी त्याला दरवेळी आधार बदलावे लागत नाही. आधारवर गावचा पत्ता असला आणि राहणे दुसरीकडे असले, तर आधारच्या ई-केवायसीवर उघडलेल्या खात्यात सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत आहे. पण तो द्यायचा, आणि बदलला की तीस दिवसांच्या आत कळवायचा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत नसतो असे बरेचदा होते. तेव्हा वाद न घालता लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बिलाच्या तारखेकडेही पाहावे. बँकेला पुरावा म्हणून दिलेले वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही, आधारला तीन महिन्यांपर्यंतचे चालते.

मतदारयादीत नाव हलवण्यासाठी फॉर्म नंबर ८ आहे. पूर्वी त्याच मतदारसंघात घर बदलले तर ८-अ आणि दुसऱ्या मतदारसंघात गेले तर पुन्हा फॉर्म ६ भरावा लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून दोन्हींसाठी ८ नंबरच चालतो. निवडणूक जाहीर झाली की लोक धावत येतात. खरे तर हे काम घर लागल्याबरोबर करायचे, कारण बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन पाहणी करतो आणि त्याला वेळ लागतो. जुन्या पत्त्यावर पाहणी झाली आणि कुलूप दिसले, तर तिथे ‘स्थलांतरित’ असा शेरा बसून नाव गळू शकते. नव्या जागी नोंद झालेली नसते. गिरगावातून बदलापूरला आलेल्या एका कुटुंबाचे असेच झाले. मतदानाच्या दिवशी चौघेही सकाळच्या गाडीने जुन्या केंद्रावर गेले आणि चौघांचीही नावे यादीत नव्हती. त्या घरातल्या वडिलांनी त्याआधी एकही मतदान चुकवले नव्हते.

याच्या उलट सवयही आहे. गावातही नाव आणि शहरातही नाव. गावच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला जावे लागते, भावकीला मत द्यावे लागते, म्हणून तिथले नाव सोडवत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम १७ प्रमाणे एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. फॉर्मवरच्या प्रतिज्ञेत जाणूनबुजून खोटे लिहिले तर कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गावात घर आहे एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही, असे कलम २० सांगते. केंद्रात बसणाऱ्याने याबाबत भीड धरू नये. माणूस जिथे राहतो, तिथल्या पाण्याचा आणि रस्त्याचा प्रश्न त्याचा आहे, आणि त्याचे मतही तिथेच हवे.

वाहन, गॅस आणि पासपोर्टचे थोडक्यात सांगता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ नुसार गाडीच्या मालकाने पत्ता बदलल्यावर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते. गाडी राज्याबाहेर बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथे नवी नोंदणी करावी लागते. गॅस त्याच शहरात दुसऱ्या एजन्सीकडे हलवणे सोपे आहे. दूरच्या शहरात जायचे असेल, तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून, अनामत परत घेऊन, ट्रान्सफरचा कागद मिळवायचा असतो. शेगडी आपली, ती न्यायची. अनामतीची मूळ पावती हरवलेली असते, म्हणून ती आधी शोधावी. पासपोर्टवरचा पत्ता खोडून लिहिता येत नाही, नवे पुस्तकच घ्यावे लागते. त्यात पोलीस पडताळणी आली तर पोलीस नव्या पत्त्यावर येतो. शेजारी नवे असतात, ‘आम्ही ओळखत नाही’ म्हणतात आणि प्रतिकूल अहवाल जातो. नव्या इमारतीत पासपोर्टचा अर्ज करण्याआधी दोन शेजाऱ्यांची नीट ओळख करून घेणे, हे कागदपत्रांच्या तयारीइतकेच जरुरीचे आहे.

रेशनकार्ड हलवण्यात पूर्वी खरी दमछाक होई. जुन्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग नव्या ठिकाणी अर्ज, मग तपासणी. तोवर धान्य बंद. हातावर पोट असलेल्या घराला ती मधली वेळच परवडत नसे. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांना जोडले गेले, पुढे सगळी राज्ये आली. आता पात्र कार्डधारक कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकतो. बीडमधून ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे गेलेल्या कुटुंबांना ही सोय माहीत असणे फार गरजेचे आहे. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणून परत पाठवतो, आणि माणसे मुकाट्याने परत जातात.

घर न बदलताही पत्ता बदलतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. वसई-विरारची माणसे जागच्या जागी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेली; आधारवर ‘ठाणे’ राहिले, नव्या दाखल्यांवर ‘पालघर’ आले. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे बदलून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, तेव्हाही हेच झाले. अशा वेळी लोक घाबरून सगळे कागद एकदम बदलायला येतात. त्याची गरज नसते. पिनकोड आणि घराचा पत्ता जुळत असला की जुन्या जिल्ह्याच्या नावाने टपाल अडत नाही. कागद नव्याने काढायची वेळ येईल तेव्हा दुरुस्ती करावी.

पत्ता न बदलण्याचा सर्वांत जड फटका नोटिशीत बसतो. टपाल कायदेशीररीत्या पोहोचले असे केव्हा समजायचे, याचा नियम जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ मध्ये आहे. योग्य पत्ता लिहून, पैसे भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पाकीट, उलट सिद्ध होईपर्यंत, मिळाले असे धरतात. एका छोट्या कंत्राटदाराचा चेक वटला नाही. समोरच्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली ती जुन्या खोलीवर. पाकीट ‘इसम या पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यासह परत गेले. पंधरा दिवसांत पैसे भरायची मुदत त्याला न कळताच उलटली. समन्सही तिथेच गेले. त्याला कळले ते वॉरंट घेऊन पोलीस दारात आल्यावर. रक्कम मोठी नव्हती, पहिल्याच पत्राला त्याने भरून टाकली असती. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलावी हाजी प्रकरणात म्हटले आहे, की नोटीस मिळालीच नाही असे म्हणणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरून सुटका मागता येते. पण त्यासाठीही समन्स हातात पडायला हवे. म्हणून ज्यांच्याशी पैशाचा व्यवहार चालू आहे, त्या प्रत्येकाला नवा पत्ता लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी. जुन्या घराच्या टपाल कार्यालयातही टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज द्यावा. जुन्या पोस्टमनला भेटून नवा पत्ता आणि फोन नंबर दिला तर आणखी चांगले. इतकी वर्षे ओळखणारा माणूस पाकीट सहसा परत पाठवत नाही.

राहून जातात ते जुने शेअर, मुदत ठेवी आणि विम्याच्या पॉलिसी. गिरगाव-परळच्या चाळींत राहून घरातल्या कर्त्याने थोडेथोडे शेअर घेतलेले असतात. चाळ पडते, कुटुंब डोंबिवलीला जाते, लाभांशाची पत्रे जुन्या खोली नंबरावर जात राहतात. लाभांश सलग सात वर्षे उचलला नाही, तर कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे तो आणि ते शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) जातात. बँकेतली ठेव दहा वर्षे बेवारस राहिली की रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जमा होते. दोन्हीकडून पैसे परत मिळतात. ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ पोर्टल सुरू केले. तिथे नावावरून ठेव कोणत्या बँकेत आहे ते शोधता येते आणि मागणी त्या बँकेकडे करायची असते. शेअरसाठी आयईपीएफ-५ हा अर्ज आहे. बापाच्या नावाने असा अर्ज करणाऱ्या मुलांना अनेकदा विचारले जाते, की त्या जुन्या पत्त्यावर राहणारा माणूस हाच होता कशावरून. तेव्हा चाळीची एखादी भाडेपावती, जुने वीजबिल, जुन्या पत्त्याचे निवडणूक ओळखपत्र यांपैकी जे सापडेल ते उपयोगी पडते. नव्या पत्त्याचे कागद झाले म्हणून जुन्याचे रद्दीत घालू नयेत. एका पाकिटात, वर घराचा पत्ता आणि राहिल्याची वर्षे लिहून, पासबुकांसोबत ठेवावेत.